पान एकशे बारा

नांदेडात, वजिराबादच्या बोळीत माझं दुकान.
पाटीवर: थीसिस बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, अर्जंट.
अर्जंट सगळ्यांनाच असतं.
पाच वर्षं शोधत बसलेला माणूस
शेवटच्या दिवशी साडेसहाला येतो
अन् म्हणतो, मामा, सकाळी द्यायलाव ना?

मी दहावी नापास. इंग्रजीत गेलो.
पण अख्खं विद्यापीठ माझ्या हाताखालून जातं.
परवाच्या एका आठवड्यात
होट्टलच्या देवळातल्या दगडी बायांचे दागिने,
विष्णुपुरीच्या मरळ माशाच्या पोटातले जंत,
रेशनच्या रांगेचं गणित.
त्यात रांग कुठंच नव्हती, नुसती उलटीसुलटी चिन्हं,
पण आभार मानले होते माळाकोळीच्या
एका रेशन दुकानदाराचे, नावानिशी.

आभाराचं पान मी वाचतोच.
बाकीचं, खळ वाळेपर्यंत.
एकीनं म्हशीचे आभार मानले होते.
गाइडनं खोडलं.

रात्री शिकंजात सगळे एकावर एक.
माशाच्या पोटावर देवळातली बाई,
बाईच्या अंगावर रांग.
सकाळी आपापल्या पिशवीत
ओळखदेख न ठेवता निघून जातात.

त्या मार्चात लाईट गेली, अन् हाताखाली दोन होते.
भुजंग टोम्पेचा, कंधारच्या किल्ल्यातली वटवाघळं.
शकुंतला घोणसीकर बाईंचा,
देगलूरकडची माणसं प्रश्न कसा विचारतात.
एकच अक्षर, एकच समास,
एकाच टायपिंगवाल्या पोरीनं काढलेले दोन्ही.
मोबाइल दातात धरून मी शिवायलो होतो.
टोम्पेचं पान एकशे बारा
बाईंच्या पुस्तकात गेलं.

गाइडनं सही केली.
बाहेरगावच्या परीक्षकानं केली.
तोंडी परीक्षा झाली, मलाबी पाव किलो पेढे आले.

आठ महिन्यांनी बाई आल्या,
बगलेत ते मरून पुस्तक, आत बोट घातलेलं.
मी म्हणलं, आता भांडण.
कात्री काढली. फुकटात करून देतो बाई.
त्या म्हणल्या, थांबा,
अन् उभ्यानंच वाचायला लागल्या.

“पूर्ण अंधारात हे प्राणी आवाज सोडतात
व भिंतीवरून परतलेल्या त्याच आवाजावरून
भिंतीचे अंतर ठरवतात.
तथापि तेरा जून रोजी दक्षिणेकडील तळघरात
एक मादी कोणताही आवाज न करता
सरळ उडत गेली. याचे कारण बहुधा”

पान संपलं.
पुढं बाईंचं स्वतःचं एकशे तेरा:
“असा प्रश्न विचारणाऱ्यास उत्तर आधीच ठाऊक असते.”

बहुधा काय? बाईंनी विचारलं.
आठ महिने झाले, म्हणल्या, मला तेवढंच सांगा.

मला कामून ठाऊक असणार?
पावतीपुस्तकात टोम्पेचा नंबर सापडला.
उदगीरला तासिकेवर शिकवायलाय,
उरलेल्या वेळात शाळेच्या टाक्या साफ करायचं गुत्तं.
मागं मोटार चालू होती, त्यानं ती बंद केली.
बराच वेळ काही बोलला नाही.

मग म्हणाला, छापलंय ते
“निरीक्षणातील चूक असावी.”
मी आधी दुसरं लिहिलं होतं.
तिला ते घर पाठ होतं, असं.
गाइड म्हणले, शास्त्रात असं लिहीत नसतात.

बाईंनी माझ्या कानामागची पेन्सिल मागितली.
“बहुधा”च्या पुढं, अगदी बारीक, काहीतरी लिहिलं.
कात्री ठेवा, म्हणल्या, पान राहू द्या.
अन् बोळीतनं गेल्यासुद्धा.

एकमेकांचे नंबर द्यायचं राहूनच गेलं.
दारात एक पोरगा उभा होता,
हळदीच्या कंदमाशीवर काम केलेला,
घामानं भिजलेला,
मामा, सकाळी द्यायलाव ना?